करड्याचं हिरवं

ब्रिस्टल, १४ जानेवारी २०२५

हरीशदादा,

फोन तू उचलत नाहीस आणि ईमेलला तुझा वकील उत्तर देतो, म्हणून कागदावर लिहून पोस्टात टाकते आहे. पोस्टमन वकिलाला विचारून पत्र टाकत नाही, एवढं बरं आहे.

टेड गेला. शनिवारी सकाळी, हॉस्पिटलमध्ये, न्यूमोनियाने. तुझ्या कंपनीच्या निवेदनात 'एका ज्येष्ठ रहिवाशाचे दुर्दैवी निधन' असं लिहिलं आहे. त्याला नाव होतं. टेड प्रॉसर. तू त्याच्या घरी जेवला आहेस. आपल्या होड्या पहिल्यांदा ऑल्डरमीड गावच्या चरांमध्ये सोडल्या, त्या हिवाळ्यात मी त्याच्याच घरी वरच्या खोलीत राहत होते. तू कौन्सिलच्या लोकांना घेऊन आलास तेव्हा त्याच्या बायकोने, ग्वेनने, सगळ्यांसाठी स्ट्यू केला होता. तू दोनदा वाढून घेतलास.

टेडला तेव्हाच अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचा पलंग होता आणि तिथून घरामागून वळून येणाऱ्या चरातल्या होड्या त्याला दिसायच्या. पंजाएवढ्या होड्या, पाणी मोजणाऱ्या आणि एकमेकींना निरोप देणाऱ्या, याचं त्याला फार अप्रूप होतं. त्याने त्यांना गावातल्या बायकांची नावं दिली होती. 'डॉरिस आज हलायलाच तयार नाही,' म्हणायचा आणि तोंडाच्या एका बाजूने हसायचा.

त्या मंगळवारी काय झालं ते तुला सांगते, कारण तू कुणालाच विचारलेलं नाहीस.

दुपारी ग्वेन ओट्याशी बटाटे सोलत होती. फोन खिडकीत उभा करून ठेवलेला. बाहेर पाऊस होता, पण होड्यांचे आकडे दाखवणाऱ्या आपल्या अ‍ॅपवरचा नकाशा हिरवा होता, म्हणजे पाणी बेताचंच, म्हणून ती निवांत होती. मागच्या दाराखालून पाणी आलं तेव्हा तिला वाटलं वॉशिंग मशीन गळतंय. ती फडकं घेऊन वाकली. फडकं, दादा! तिने फडकं पिळून सिंकमध्ये टाकलं आणि वळून पाहिलं तर पाणी पुढच्या खोलीत शिरलेलं. टेडचा पलंग बुटका, त्याला उतरवायला-चढवायला सोपा पडावा म्हणून. शेजारचा माणूस धावत आला, पण दोघांना टेडला जिन्यावरून वर नेणं जमेना. शेवटी त्यांनी त्याला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. भिजलेल्या कपड्यांनी तो टेबलावर पडून होता आणि ग्वेन कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून त्याचं डोकं धरून होती. फायर ब्रिगेडची बोट आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. फोनवर नकाशा तेव्हाही हिरवाच होता.

अ‍ॅपने दोन तास आधी सांगितलं असतं तर ॲम्ब्युलन्स आली असती. टेड कोरड्या कपड्यांत, शिव्या देत, बहिणीच्या घरी गेला असता. याच दोन तासांसाठी आपण हे सगळं केलं होतं ना?

आणि तू लिहितोस, 'प्राथमिक चौकशीनुसार एका फील्ड इंजिनिअरकडून कॉन्फिगरेशनमध्ये मानवी चूक झाली.' म्हणजे नीना. नावही घेतलं नाहीस, पण तुझ्या कंपनीत फील्ड इंजिनिअर कितीजण आहेत?

हे निवेदन मागे घे. आज घे.

अनुया

*

ब्रिस्टल, ३ फेब्रुवारी

हरीशदादा,

निवेदन मागे घ्यायचं सोडून तू आईला फोन केलास.

काल सकाळी तिचा पुण्याहून फोन आला. आधी रडली, मग म्हणाली, "अगं, तो मोठा आहे तुझ्याहून. त्याच्यावर किती घरं चालतात. सख्ख्या भावाविरुद्ध त्या पुराच्या चौकशीत बोलायला उभी राहणार तू?"

मी विचारलं, "आई, तुला त्याने काय सांगितलं?"

"कोणा मुलीने चुकीचं बटण दाबलं म्हणाला. आणि तू तुझ्या रिसर्चचा राग काढतेयस म्हणाला."

आईला रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत आणि तू तिच्या तोंडून मला गप्प करायला निघालास. लाज वाटत नाही? मी तिला टेडचं सांगितलं, टेबलाचंही सांगितलं. ती म्हणाली, "हे त्याने मला नाही सांगितलं." एवढंच. आता पुन्हा तिला मध्ये घालू नकोस.

आईचा फोन ठेवला आणि मी ट्रेन पकडून रीडिंगला गेले, पण तुझ्याकडे नाही, नीनाकडे. तू तिला सस्पेंड करून घरी बसवलं आहेस. तिच्या घरी मी पहिल्यांदाच गेले. तिचा नवरा दुकानात रविवारची शिफ्ट करतो, सान्वी, तिची मुलगी, सोफ्यावर वाचत बसली होती. नीना मला बघून दारातच म्हणाली, "मॅडम, तुम्हाला इथे कोणी बघितलं तर माझं अजून वाईट होईल."

चहा केला तिने, पण स्वतः घेतला नाही. मग हळूहळू बोलली. डिसेंबरमध्ये, रस्त्याखालून चर जातो त्या मोरीजवळची होडी बंद पडली. आपल्या पद्धतीप्रमाणे शेजारच्या होड्यांनी सरकून ती जागा भरायला हवी होती. त्या सरकल्या नाहीत, कारण सरकणंच बंद केलेलं होतं. ते कोणाच्या सांगण्यावरून? "सर म्हणाले, बॅटरी सगळा हिवाळा पुरायला पाहिजे. होड्या हलवायच्या नाहीत. मधे जागा रिकामी पडली तर दोन्ही बाजूंच्या आकड्यांची सरासरी काढून टाकायची. मी म्हटलं, सर, निदान तिथे रंग वेगळा दाखवू, करडा दाखवू, म्हणजे लोकांना कळेल की इथलं आपल्याला माहीत नाही. तर ते म्हणाले, करडे ठिपके बघून कौन्सिल पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट देत नाही."

हे तुझेच शब्द आहेत ना? मला ते ओळखू आले. मागच्या उन्हाळ्यात मीटिंगमध्ये मी हाच मुद्दा काढला तेव्हा 'अनुया, आता हे प्रॉडक्ट आहे, तुझी पीएचडी नाही' असं म्हणून तू सगळ्यांसमोर हसला होतास. त्यानंतर मला एकाही मीटिंगचं बोलावणं आलं नाही. मी युनिव्हर्सिटीत शिकवायला परत गेले आणि तू सगळ्यांना सांगितलंस की मला मुलांना शिकवायला आवडतं.

नीनाचा व्हिसा तुझ्या कंपनीवर आहे. तू तिला काढलंस तर दोन महिन्यांत नवी नोकरी नाहीतर नागपूर. तिला हे माहीत आहे आणि तुलाही. म्हणूनच तू तिला निवडलंस. कंपनीत एखादा इथलाच गोरा इंजिनिअर असता तर त्याच्यावर ढकललं असतंस का? तो उद्याच वकील घेऊन उभा राहिला असता.

मी निघताना तिने विचारलं, "मॅडम, सर असे नव्हते ना आधी?"

अनुया

*

ब्रिस्टल, २४ फेब्रुवारी

हरीश,

काल सीमावहिनीने जेवायला बोलावलं म्हणून आले. तुझं बोलावणं नव्हतं हे मला दारात तुझा चेहरा बघूनच कळलं. तरी बरं झालं. तू जे बोललास ते मी इथे लिहून ठेवते आहे, कारण उद्या तू म्हणशील की मी असं बोललोच नाही.

तू म्हणालास, "तुझ्या होड्या फेब्रुवारीत मरत होत्या. ते विसरलीस? ट्रायलच्या वर्षी निम्म्या होड्या थंडीच्या मध्यावर बंद पडल्या. गावातले म्हातारे लोक गमबूट घालून चिखलात उतरून बॅटऱ्या बदलत होते. एकजण घसरून पडला. हलणारी होडी म्हणजे मरणारी होडी, अनुया. मी त्यांना जिवंत ठेवल्या."

मी विसरलेले नाही. पडलेल्या माणसाला मीच गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. होड्या फार हलत होत्या, हे खरंच होतं. म्हणून तर मी पुढचं पूर्ण वर्ष कमीत कमी हलून जागा कशी भरायची यावर घालवलं. ते काम तुझ्या हातात दिलं होतं. तू ते वापरलं नाहीस, कारण त्यातही हिवाळ्याच्या शेवटी दोन-चार जागा करड्या पडत होत्या, आणि तुला एकही करडी जागा नको होती.

तू म्हणालास, "सरासरी काढण्यात गैर काय आहे? जगात सगळीकडे करतात."

करू देत. हवामानवाले करतात, मीही करते. पण मी तिथे लिहिते की हा अंदाज आहे. त्या मोरीत फांद्या अडकून पाणी तुंबलं. वरची होडी लांब, खालची होडी लांब, दोघींकडे पाणी बेताचंच. दोन बेताच्या आकड्यांची सरासरी बेताचीच येणार. आणि मधे, जिथे होडी नव्हती, तिथे पाणी चढत गेलं आणि बांध फोडून थेट टेडच्या घराकडे वळलं.

मी ओरडायला लागले होते, मान्य आहे. सीमावहिनी म्हणाली, "अहो, जेवण झाल्यावर बोला ना." तेव्हा मायराने काटा खाली ठेवला. ती इतका वेळ फोनमध्ये बघत होती असं मला वाटत होतं.

"बाबा, मग मॅपवर ग्रीन म्हणजे काय होता?" तिने विचारलं. "पाणी कमी आहे असा, की आपल्याला माहीत नाही असा?"

तू म्हणालास, "इट्स कॉम्प्लिकेटेड, मायरा."

"नो, पण काय होता?"

"दोन्ही," तू म्हणालास.

तुझ्याच तोंडून आलं. मायरा ताट उचलून वर निघून गेली आणि तू मला म्हणालास, "बघ, माझ्या पोरीसमोर तू काय केलंस."

मी? मी काय केलं? ग्वेनने करडा रंग पाहिला असता तर तिने गमबूट चढवून चराकडे एक चक्कर मारली असती. चाळीस वर्षं ती तेच करत आली होती. करडा म्हणजे 'मला माहीत नाही, तुम्ही बघा.' तू करड्याचं हिरवं केलंस. बॅटरी वाचवल्याबद्दल मी तुला काही म्हणत नाही. वाचव, खुशाल वाचव. पण तू लोकांची भीती बंद केलीस आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाहीस.

जिन्यात सीमावहिनीने माझ्या हातात डबा दिला. मी तो घेतला नाही. तिला सांग, तिच्यावर राग नाही.

अनुया

*

ब्रिस्टल, ५ एप्रिल

हरीश,

तुझ्या वकिलाचं पत्र मिळालं. 'कंपनीची गोपनीय माहिती' मी उघड केली तर कारवाई होईल असं त्यात आहे. ती पद्धत मी बसवलेली आहे. माझ्या थीसिसमध्ये आहे. लायब्ररीत कुणीही जाऊन वाचू शकतं. कर कारवाई.

आज ऑल्डरमीडला गेले होते. ग्वेनच्या घराच्या भिंती अजून ओल्या आहेत, खालचं प्लास्टर सगळं खरवडून काढलंय, मोठाले पंखे घरघरतात. ती वरच्या खोलीत राहते, म्हणजे माझ्या खोलीत. तिथेच किटली, तिथेच टीव्ही. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला.

"सॉरी म्हणणारे खूप येऊन गेले," ती म्हणाली. "मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. तू शिक्षिका आहेस ना? समजावून सांग."

मग मी सांगितलं. होडीची बॅटरी सर्वात जास्त खर्च होते ती जागा बदलायला. निरोप पाठवायला त्याहून पुष्कळ कमी. नुसतं पाणी मोजायला जवळजवळ काहीच नाही. म्हणून होड्यांनी शक्यतो जागेवर राहायचं. एखादी बंद पडली की बाकीच्यांनी आपसात ठरवायचं, कुणाकडे जास्त शिल्लक आहे, कुणाला कमी जावं लागेल. लांबून एकीने सगळं अंतर तोडत यायच्याऐवजी तीन-चार जणींनी थोडं थोडं सरकायचं, म्हणजे जागा भरते आणि कुणा एकीची बॅटरी संपत नाही.

ग्वेन म्हणाली, "चर्चमधल्या बाकावर कुणी मधूनच उठून गेलं की आम्ही करतो तसं."

"अगदी तसंच."

"आणि या वर्षी ते कुणी करू दिलं नाही?"

मी म्हटलं, कंपनीने.

"कंपनी म्हणजे कोण? त्या वेळी स्ट्यू खाऊन गेला तो उंच माणूस?"

मी हो म्हटलं.

"त्याला ठाऊक होतं, की असं होऊ शकतं?"

हरीश, माझ्या नावात आता नवऱ्याचं आडनाव आहे आणि त्या वर्षी कौन्सिलच्या लोकांसमोर आपण एकमेकांशी इंग्लिशमध्ये, ऑफिसमधल्यासारखं बोलायचो. 'फॅमिली बिझनेस वाटायला नको' असं तूच म्हणाला होतास. आपण बहीण-भाऊ आहोत हे तिला माहीत नाही. मी ते तिला सांगू शकले नाही. 'ठाऊक होतं' एवढंच बोलले आणि पंख्याच्या आवाजाचा आडोसा घेऊन खाली बघत राहिले. तिने माझा हात थोपटला. तिने माझा! तुझ्यामुळे मला कुणाकडून काय काय घ्यावं लागतंय ते बघ.

चौकशी जूनमध्ये आहे, गावच्या हॉलमध्ये. मी बोलणार आहे. तू स्वतः येऊन आधी बोललास तर मला बोलावं लागणार नाही. हे मी तुला शेवटचं सांगते आहे.

अनुया

*

ब्रिस्टल, २० जून

हरीशदादा,

काल तू आला नाहीस. तुझ्या नावाची पाटी टेबलावर होती आणि तिच्यामागे तुझा वकील बसला होता. म्हणून तिथे काय झालं ते तुला मी सांगते. त्याने तुला सांगितलं असेल, पण तो तुझ्याकडून पैसे घेतो.

हॉल भरला होता. माझ्याआधी नीनाला बोलावलं. ती येणार नाही असंच मला वाटत होतं. आमच्या डिपार्टमेंटमध्ये तिला जागा मिळाली आहे, व्हिसाचे कागद मागच्याच आठवड्यात झाले, आणि ती आली. तुझ्या वकिलाने विचारलं, ही सेटिंग्ज तुम्ही स्वतःच्या हाताने बदललीत, हे खरं आहे का? ती म्हणाली, "हो. माझ्या हाताने बदलली. मला सांगितलं होतं म्हणून बदलली. मी रंग वेगळा ठेवू का म्हणून विचारलं होतं, आणि मला नाही म्हणून सांगितलं. मी तेव्हा ऐकायला नको होतं. ते मी जन्मभर विसरणार नाही. पण सांगणाऱ्याने इथे यायला पाहिजे होतं."

त्यावर वकिलाने पाण्याचा घोट घेतला आणि खाली बसला.

मग मी. मी सगळं सांगितलं. उन्हाळ्यातली मीटिंग, सरकणं बंद करणं, सरासरी, हिरवा रंग. तू घरी जेवताना जे बोललास तेही सांगितलं. तेव्हा तुझा वकील उठला. अध्यक्षबाईंना म्हणाला, साक्षीदाराचं कंपनीच्या डायरेक्टरशी वैयक्तिक भांडण आहे, ते नातं काय आहे हे समितीने विचारावं. त्याला वाटलं, त्याने मला पकडलं.

अध्यक्षबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "तो माझा भाऊ आहे. सख्खा, थोरला."

ग्वेन पहिल्या रांगेत होती. तिच्याकडे न बघता मी पुढचं बोलले. काय बोलले ते आठवत नाही. समितीचा रिपोर्ट शरद ऋतूत येईल, पण अध्यक्षबाई शेवटी म्हणाल्या की या प्रकाराला एका कर्मचाऱ्याची चूक म्हणता येणार नाही, निर्णय वरून झाला होता हे समितीपुढे स्पष्ट आहे. नीना माझ्या शेजारी बसून रडत होती. तू तिच्यावर टाकलेलं काल उतरलं. तुझ्या हाताने उतरलं असतं तर मी आज वेगळं पत्र लिहिलं असतं.

बाहेर कार पार्कमध्ये ग्वेन माझी वाट बघत उभी होती. मला वाटलं, आता ही माझ्याशी कधीच बोलणार नाही, आणि तिने बोलू नयेच. मी म्हटलं, "ग्वेन, मी तुम्हाला एप्रिलमध्येच सांगायला हवं होतं."

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मी इतके महिने समजत होते," ती म्हणाली, "की तो कुठल्यातरी ऑफिसात बसलेला, आमच्यापैकी कुणाला न ओळखणारा माणूस असेल. त्याला कुणी सांगितलं नसेल. अशा माणसांना कुणी सांगत नाही."

"पण त्याला सांगणारी बहीण होती," ती म्हणाली.

दादा, सहा महिने मी तुझ्यावर ओरडते आहे. इतक्या पत्रांत जे मला लिहिता आलं नाही ते तिने तिथे उभ्या उभ्या सांगितलं. माझं ऐकायचं नाही हे तू ठरवलं होतंस, आणि तो ठरवतानाचा तुझा चेहरा मला लहानपणापासून माहीत आहे.

मग तिने तुझा पत्ता मागितला. ऑफिसचा नको, घरचा. मी कागदावर लिहून दिला आणि स्टेशनवरून कसं यायचं तेही समजावून सांगितलं. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाली, ट्रेन मला कळते.

ती रविवारी दुपारी येणार आहे. तिला काही ओरडायचं नाहीये, तुझ्याकडून काही नकोही आहे. तिला टेडचे शेवटचे चार दिवस तुला सांगायचे आहेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि तू ते बसून ऐकायचे आहेत.

हे फर्स्ट क्लास पोस्टाने टाकते आहे, म्हणजे तुला उद्या मिळेल. त्या दिवशी बाहेरगावी जाऊ नकोस. वकिलाला बोलावू नकोस. बेल वाजली की सीमावहिनीला पुढे करू नकोस. दार तू उघड.

अनुया